फक्त ठेका

जानकीपुरमच्या आमच्या गल्लीत आता आंब्याची दोनच झाडं उरली आहेत. फेब्रुवारी संपत आला की त्यातलं एक माझ्या गाडीवर मोहोर ढाळायला लागतं. काच चिकट होते. मोहोरावर बसणारे तुडतुडे एक गोड द्रव सोडतात, तो तिथे साचतो. सकाळी ऑफिसला निघण्याआधी ओल्या फडक्याने काच पुसायची, हा आमच्याकडचा या दिवसांचा नेम. गच्च्यांवर होळीसाठी बटाट्याचे पापड वाळत असतात. लग्नाच्या मिरवणुकांचे कर्णे परीक्षांमुळे दबकून वाजतात. दुपारी पश्चिमेकडून कोरडा वारा सुटतो आणि मोहोराचा तो आंबूस-गोड वास घरात शिरतो.

तो वास आला की माझ्या छातीत काहीतरी आवळतं. पुढच्याच क्षणी ते सुटतं. आवळणं आणि सुटणं, दोन्ही एकाच वर्षाचं आहे. तीन वर्षं झाली त्याला.

आम्ही मूळचे वर्ध्याचे. बावीस वर्षांपूर्वी लखनौला आलो. मी औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करतो. माझं काम उंदरांच्या भीतीचं. उंदराला उघड्या जागेत सोडलं की तो किती वेळ कोपऱ्यात बसून राहतो, औषध दिल्यावर किती वेळाने मध्यभागी येतो, हे मी वर्षानुवर्षं घड्याळ लावून मोजत आलो आहे. माझी बायको मेधा निशातगंजच्या एका बँकेत आहे. आमची एकुलती मुलगी इरा इथेच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते ती हिंदीत. भूक लागली तरी हिंदीत, राग आला तरी हिंदीत.

त्या वर्षी ती बारावीला होती. फिजिक्सच्या पेपरला गेली, तीन तास बसली आणि कोरी उत्तरपत्रिका देऊन आली. कसा गेला विचारल्यावर म्हणाली, ठीक था. त्यानंतर केमिस्ट्रीचा पेपरही तिने कोरा दिला. गणिताच्या दिवशी मात्र बूट घालून पलंगावर बसली ती उठलीच नाही. मेधाने पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा, भिंतीकडे बघत, तिने हे सगळं एका वाक्यात सांगून टाकलं. मग ती गप्प झाली.

ते गप्प होणं मला अजून सांगता येत नाही. ती रडत नव्हती, चिडत नव्हती. दिलेलं अर्धं खायची, ताट उचलून ठेवायची, खोलीत जायची. रात्रभर जागी असायची, ते दाराखालच्या उजेडावरून कळायचं. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्याशी बराच वेळ एकटीशी बोलून गोळ्या दिल्या. मग आम्हा दोघांना आत बोलावून सांगितलं की घाई करू नका, प्रश्न विचारू नका आणि तिला फार एकटं सोडू नका. त्या शेवटच्या सूचनेचा अर्थ आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवला नाही. परतताना मेधा गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी मनात हिशेब करत होतो, की माझी मुलगी कधीपासून कोपऱ्यात बसली आहे आणि मला ते दिसलं कसं नाही.

आणखी एक गोष्ट मला टोचत होती, ती मी कोणालाच बोललो नव्हतो. इरा सातव्या वर्षापासून तबला शिकत होती. अकरावीला कोचिंग सुरू झालं तेव्हा मीच तो तबला कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवला होता. रागावून नव्हे, अगदी हसत, फक्त दोन वर्षांचा तर प्रश्न आहे असं म्हणत.

शफ़ीकभाईंची ओळख मेधामुळे. ते दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यायला तिच्या बँकेत येत. उभी हयात रेडिओवर सारंगी वाजवलेला हा सडपातळ, पांढऱ्या दाढीचा माणूस निशातगंज बाजारामागच्या एका गल्लीत राहत होता. त्यांच्या डाव्या हाताच्या नखांच्या मुळाशी तारा दाबून दाबून कडक गाठी आल्या होत्या. मेधाने एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं, इराचा तबला त्यांनी ऐकला, आणि मग ते वर्षातून दोन-तीनदा येत राहिले.

निवृत्तीनंतर त्यांनी एक वेगळाच उद्योग मांडला होता. चाळीस वर्षं बंद खोलीत लाल दिव्यासमोर वाजवलं, ऐकणाऱ्याचा चेहरा कधी दिसला नाही, म्हणून आता चेहरे बघायचे, असं ते म्हणत. सभागृहांत त्यांना जायचं नव्हतं. जिथे लोक कशाची तरी वाट बघत थांबलेले असतात तिथे ते सारंगी घेऊन जात. चारबाग स्टेशनवर गाडी उशिरा आहे म्हणून बसून राहिलेल्या हमालांपुढे त्यांनी वाजवलं होतं. वीटभट्टीवर, विटा थंड व्हायची वाट बघणाऱ्यांपुढेही. साथीला त्यांचा भाचा असायचा, तो त्या हिवाळ्यात मस्कतला नोकरीला गेला.

मेधाने बँकेत त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले, चहा घेतला, आणि उठून इराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. परीक्षेचं नावही काढलं नाही.

"बिटिया, भांजा चला गया. मुझे ठेका देने वाला कोई नहीं है," ते म्हणाले. "सिर्फ़ ठेका चाहिए. और कुछ नहीं."

ठेका म्हणजे तालाची साधी चौकट. तेच बोल पुन्हा पुन्हा, त्याच चालीत. तबला शिकणारं पोर पहिल्या महिन्यात शिकतं ते.

आतून बऱ्याच वेळाने आवाज आला, "हाथ नहीं बैठेगा."

"न बैठे. आप चलकर बैठ जाइएगा."

इरा हसली नाही. पण दार उघडलं. मी स्टूल घेऊन कपाटावरचा तबला खाली काढला. कपड्यावर बोटभर धूळ होती. तिच्यासमोर तो झटकायचा धीर झाला नाही, बाहेर गच्चीवर जाऊन झटकला.

असा मी त्या मोसमाचा ड्रायव्हर झालो. पुढे शफ़ीकभाई, त्यांच्या मांडीवर गवसणी घातलेली सारंगी. मागे इरा आणि तबला-डग्गा. डिकीत सतरंजी, पाण्याचा कॅन आणि मेधाने दिलेल्या दशम्या. संगीतातलं मला काहीही कळत नाही. मी सतरंजी अंथरायचो आणि बाजूला उभा राहायचो.

पहिल्यांदा गेलो ते मलिहाबादच्या बाजूला, आंब्याच्या एका मोठ्या बागेत. झाडं इतकी मोहोरली होती की पानं दिसत नव्हती. ऐकणारे चारच जण, बागेचा राखणदार आणि फवारणीचं औषध येईल म्हणून सकाळपासून बसून असलेले तीन मजूर. सगळ्या बागेत मधमाश्यांचा एक सलग घुमारा भरला होता. शफ़ीकभाई सारंगी मांडीवर घेऊन पुष्कळ वेळ नुसते ऐकत बसले. मग म्हणाले की आधी यांचा सा कुठला ते बघू, आणि त्यांनी आपली सारंगी त्या घुमाऱ्याला मिळवली. इराला तबलाही त्यालाच लावावा लागला. ती हातोडीने कडेवर ठोकत होती, कान खाली नेत होती, पुन्हा ठोकत होती. तिच्या कपाळावर आठी पडली होती. गेल्या महिनाभरात तिच्या चेहऱ्यावर मी पाहिलेली ती पहिली हालचाल. आठीसुद्धा किती सुंदर दिसू शकते ते मला त्या दिवशी कळलं.

ती आमच्याकडे पाठ करून, झाडाच्या बुंध्याकडे बघत बसली आणि तासभर फक्त ठेका देत राहिली. हात जड होता, दोनदा चुकला. शफ़ीकभाई थांबले नाहीत, वळूनही पाहिलं नाही. संपल्यावर तिच्याकडे बघून त्यांनी आदाब करावा तसा हात कपाळाशी नेला आणि शुक्रिया म्हणाले. शाबास म्हणाले नाहीत, हे मला फार बरं वाटलं. घरी येताना तिच्या केसांत मोहोर अडकला होता. काढावासा वाटला, पण मी गाडी चालवत राहिलो.

पुढचे दोन दिवस ती पुन्हा अंथरुणातच होती. बरं वाटणं सरळ रेषेत येत नाही हे मला पुस्तकातून पाठ होतं. घरात मात्र ते पाठांतर उपयोगी पडत नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी बाराबंकीच्या रस्त्यावर एका शीतगृहाबाहेर गेलो. बटाटा निघायचे दिवस. ट्रॉल्यांमागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या, अशी मैलभर रांग लागलेली. शेतकरी आदल्या दिवसापासून नंबरची वाट बघत होते. कोणी पोत्यांवर झोपलेलं, कोणी विडी ओढत, कोणी नुसतं बसलेलं. एक ट्रॉली रिकामी झाली होती, तिच्यात आम्ही सतरंजी अंथरली. खाली मातीचा आणि बटाट्याच्या सालीचा वास. शीतगृहाचं दार उघडलं की गार वाऱ्याचा लोट यायचा आणि सारंगीच्या तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांखाली झंकारणाऱ्या, बारीक तारा बेसूर व्हायच्या. शफ़ीकभाई न कंटाळता पुन्हा लावायचे.

रामसेवक नावाचा एक मध्यमवयीन शेतकरी ट्रॉलीच्या फळीला टेकून उभा होता. तासाभराने तो संकोचत म्हणाला की जरा काहीतरी जलद होऊ द्या, म्हणजे झोप उडेल. शफ़ीकभाईंनी एक होळीची धून उचलली. इरा ठेका देत होती. आणि अचानक, तिच्या स्वतःच्याही लक्षात येण्याआधी, तिची बोटं धावली. ठेक्याची चौकट मोडून तिने लग्गीचे जलद बोल भराभर वाजवले आणि समेवर येऊन पुन्हा मुकाट्याने ठेका धरला. रांगेतल्या कोणीतरी वाहवा केली. शफ़ीकभाईंनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती खाली तबल्याकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

निघताना रामसेवक गाडीपाशी आला. त्याची बहीण घाघरा नदीतल्या एका बेटावर दिली होती. दर पुरात ते गाव वाहून जातं आणि दर हिवाळ्यात लोक नव्याने झोपड्या उभारतात, तिथे कधी कोणी वाजवायला गेलेलं नाही, असं त्याने सांगितलं. तो हे शफ़ीकभाईंशी बोलत होता. पण उत्तर मागच्या सीटवरून आलं.

"नाव से जाना पड़ेगा?" इराने विचारलं.

महिनाभरात तिने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मेधाला तो फोनवर सांगताना मी गाडी बाजूला घेतली.

नदीचं नाव मेधाला मात्र रुचलं नाही. नंतर स्वयंपाकघरात तिने मला हळू आवाजात विचारलं की पाण्यापाशी न्यायची का तिला. मी म्हटलं, मी असेन ना. तिने मान डोलावली. मेधाला त्या रविवारीही अर्धा दिवस बँकेत जावं लागणार होतं, नाहीतर ती आलीच असती.

दोन तास गाडीने आणि मग होडीने गेलो. होडीत आमच्याबरोबर रामसेवक, एक मोटारसायकल, दोन शेळ्या आणि भुश्याची पोती. शफ़ीकभाईंनी सारंगी रजईत गुंडाळून तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली होती. पलीकडे वाळूच वाळू, तिच्यात काकडी आणि टरबुजांचे वेल नुकते सरकायला लागलेले. गवती झोपड्या. रामसेवकाच्या बहिणीच्या घरासमोर सत्तर-ऐंशी माणसं जमली होती, बायका एकीकडे पदर ओढून.

नदीच्या ओलसर वाऱ्याने तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडली. इराने ठोकून पाहिलं, स्वर चढेना. तेव्हा रामसेवकाच्या बहिणीची म्हातारी सासू उठली, तबला उचलून आपल्या चुलीपाशी घेऊन गेली आणि भाकरी शेकावी तशी पुडी दुरूनच, फिरवून फिरवून, ऊब देत बसली. इरा तिच्याजवळ उकिडवी बसून मधूनमधून बोटाने वाजवून बघत होती. दोघी काहीतरी बोलत होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही.

त्या दुपारी इरा लोकांकडे तोंड करून बसली. शफ़ीकभाईंनी डोळे उघडे ठेवून वाजवलं. ते एकेका चेहऱ्यावर थांबत होते, पुढच्याकडे जात होते. ज्याच्यासाठी चाळीस वर्षं थांबलो ते समोर आहे, अशी काहीशी त्यांची मुद्रा होती. मला सूर कळत नाहीत, पण एक माणूस तृप्त होताना मी पाहिला.

वाजवणं झालं, चहा झाला, लोकांनी शफ़ीकभाईंना घेरलं. होडी चार वाजता सुटणार होती. मी सतरंजी घडी करून वळलो तर तबल्यापाशी इरा नव्हती.

आधी वाटलं, बायकांत असेल. नव्हती. रामसेवकाच्या बहिणीला विचारलं, तिने पाहिलं नव्हतं. मी तिला हाक मारली, मग मोठ्याने मारली. तिचा फोन लावला, तो सतरंजीच्या घडीतच वाजला. तोपर्यंत माझे पाय आपोआप पाण्याच्या दिशेने निघाले होते.

त्या नदीचे काठ ठिसूळ आहेत. बसल्या जागी वाळूचा मोठा तुकडा सुटतो आणि पाण्यात पडतो, त्याचा धप्प असा आवाज येतो. मी काठाने धावत होतो आणि तो आवाज कधी पुढून येत होता, कधी मागून. प्रत्येक आवाजाला मी वळून पाण्याकडे बघत होतो. डॉक्टरांची सूचना, कपाटावरचा तबला, कोरे कागद, दाराखालचा उजेड, सगळं एकदम डोक्यात आलं. वाळूत पावलांच्या खुणा होत्या, पण त्या कोणाच्याही असू शकत होत्या. ऐन दुपारच्या लख्ख उन्हात मला पुढचं दिसेनासं झालं होतं. मी देवाला मानत नाही. त्या दिवशी मी कोणाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

मागून रामसेवक धावत येताना दिसला. तो हात हलवत होता. जवळ येऊन त्याने माझा दंड धरला आणि मला गावाकडे वळवलं.

वस्तीच्या टोकाला कडब्याची एक झोपडी होती. आत बाजेवर इरा झोपली होती. चप्पल खाली, एक हात लोंबता, तोंड किंचित उघडं. लहानपणी प्रवासात झोपायची तशी. तीच म्हातारी शेजारी जमिनीवर बसून पदराने माश्या वारत होती. मी आत पाऊल टाकलं तसं तिने हाताने मला थांबवलं.

"सोने दो," ती म्हणाली. "कह रही थी, बहुत दिन से सोई नहीं."

मी तिथेच उंबऱ्यात बसलो. पोरीचा श्वास चालू होता, पोट वर-खाली होत होतं. श्वास मोजायची माझी धंद्याची सवय. मी मोजायला सुरुवात केली आणि दहाच्या आत सोडून दिली, कारण डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. म्हातारीने ते पाहिलं आणि नजर वळवली.

चारची होडी रामसेवकाने थांबवून ठेवली. कोणी कुरकुर केली नाही. मोटारसायकलवाला वाळूत बसून राहिला, शफ़ीकभाईंनी त्याच्यासाठी आणखी एक धून वाजवली. तबल्याशिवाय, अगदी हळू. इरा उठली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गालावर बाजेच्या सुतळीचे वळ. तिने माझ्याकडे पाहिलं, माझे वाळूने भरलेले बूट पाहिले, आणि तिला सगळं कळलं असावं. सॉरी म्हणाली. मी म्हटलं, चल, होडी थांबली आहे.

होडीत ती माझ्याशेजारी बसली. नदीच्या मध्यावर, पाण्याकडे बघत, तिने तिच्या हिंदीत सांगितलं. फिजिक्सचा पहिला प्रश्न तिला येत होता. पेन टेकवलं आणि वाटलं, हा लिहिला की दुसरा लिहावा लागेल, मग पुढचा पेपर, मग पुढची परीक्षा, आणि हे कधी थांबणारच नाही. म्हणून तिने पेन उचललं आणि तीन तास घड्याळाकडे बघत बसली.

मला म्हणायचं होतं की तू मला सांगायचं होतंस. त्याऐवजी मी इतकंच म्हणालो, "तबला मी वर ठेवायला नको होता."

तिने चपलेतली वाळू झटकली.

"रखा आपने था, बाबा," ती म्हणाली. "उतारा मैंने भी नहीं."

इतक्या दिवसांत कोणी माझ्या खांद्यावरचं ओझं असं अर्धं उचलून घेतलं नव्हतं.

त्यानंतर सगळं एका रात्रीत बदललं असं नाही. गोळ्या वर्षभर चालल्या. पुढच्या वर्षी तिने परीक्षा दिली, बेताचे गुण मिळाले. इंजिनिअरिंगचं नाव आम्ही कोणी काढलं नाही. आता ती इथल्याच एका कॉलेजात भूगोल शिकते आणि नद्यांबद्दल जेवताना इतकं बोलते की मेधा तिला ताटाकडे लक्ष दे म्हणते. शफ़ीकभाईंचा भाचा परत आलेला नाही. रविवारी ते फोन करतात तो थेट इराला. मला कुठे जायचं ते नंतर कळतं. यंदा तर तिने गाडीही शिकून घेतली आहे. मी घरीच राहतो आणि ते दोघं परत येईपर्यंत वर्तमानपत्र तीनदा वाचतो. काळजी गेलेली नाही, पण ती आता सगळ्याच बापांना असते तेवढीच आहे.

मोहोराच्या वासाने मला मात्र ती नदी आठवण्याआधी त्याच दिवसाची संध्याकाळ आठवते. आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मेधा दारातच उभी होती. तिने आम्हा दोघांचे चेहरे पाहिले आणि ती बाजूला झाली. इरा तशीच आत शिरली. मेधाने त्या दिवशी पलंगावर धुतलेली चादर घातली होती आणि जमिनीवर साडी पसरून पापड मांडले होते. बिटियाराणी वाळूच्या पायांनी सगळ्यावरून गेली आणि पलंगावर पडली. मेधा म्हणाली, अगं, पाय तरी धुवायचे. पुन्हा म्हणाली, मघाशीच तर फरशी पुसली मी.

"हर बात पे टोकना ज़रूरी है?" इरा आतून ओरडली. "अभी तो आई हूँ. धो लूँगी ना."

आणि उठून तिने दार आपटलं. चौकटीवरचं कॅलेंडर खाली पडलं.

मी बूट काढता काढता थांबलो. मेधा स्वयंपाकघरात गेली, तिच्यामागे मीही. तिच्या हातात पापडाचे दोन तुकडे होते, पायाखाली चुरडलेले. ते तिने ओट्यावर ठेवले, पदर तोंडाला लावला आणि ती हसत होती की रडत होती ते मला लगेच कळलं नाही.

"चिडली," ती म्हणाली. "बघितलंस? माझ्यावर चिडली."